यॉर्कला आम्ही दोघंच

२ ऑक्टोबर, नांदूरघाट

व्हिसा आला! जायचं नक्की!

घरात अजून मंगलशिवाय कुणाला बोलले नाही. मंगल म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती पीठ मळायची थांबली आणि म्हणाली, "दोघंच? मग ताई, बोलणार काय तुमी एवढं?"

प्रश्न खोटा नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली. लग्न झाल्या झाल्या महाबळेश्वरला गेलतो, तर सोबत दोन जीप भरून माणसं. यांचे मित्र, दोन चुलतभाऊ आणि पप्पू. पप्पू म्हणजे यांचा कार्यकर्ता, पन्नाशी आली तरी पप्पूच. महाबळेश्वरच्या एकूण एक फोटोत आम्हा दोघांच्या मधी त्याचं डोकं आहे.

या वेळी सुकन्यानं यांना फोनवर स्पष्टच सांगितलं. सुकन्या माझी बहीण, इंग्लंडात लीड्सला डॉक्टर. "दाजी, तुम्ही आणि ताई. जीप भरून आणायची नाही." मी यंदा चाळिशीत पडतेय म्हणून तिच्याकडून भेट. जवळच यॉर्क नावाचं फार जुनं शहर आहे म्हणे, तिथं तीन दिवस फक्त आमच्या दोघांसाठी खोली घेतलीय.

हे म्हणाले, "बघू." यांचं बघू म्हणजे नाही. पण सासरे मधी पडले. "जाय की विजय. लंडनला जाऊन आला म्हनलं की वजन वाढतंय मान्साचं." आबांच्या शब्दाला या घरात अपील नाही. चाळीस वर्षं राजकारण केलंय.

म्हणजे यांचं वजन वाढावं म्हणून मी फिरायला चालले. चालेल!

८ ऑक्टोबर

बॅगा भरल्या. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, धपाटे, जवसाची चटणी, खारोड्या दिल्या. तरी सगळ्यात जास्त जागा यांच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांनी खाल्ली. सहा जोड! "तिथं कोण बघणार?" "कोन सांगावं," म्हणाले.

लातूरहून होस्टेलमधून मोहिनीचा फोन. लेकीचा सल्ला — "मम्मी, पप्पांना इंग्लिश बोलू देऊ नको."

११ ऑक्टोबर, लीड्स

हसून हसून पोट दुखतंय.

हे पहाटे पाचला उठले. आंघोळ, पांढरा शर्ट, पांढरी पँट, वर जाकीट. जाऊन सुकन्याच्या पुढच्या खोलीत बसले. घरी या वेळेला ओसरीवर पंधरा-वीस माणूस असतं. कुणाचा विजेचा डीपी जळालेला, कुणाचं पोरगं पोलीस ठाण्यात, कुणाला बीडला ॲडमिट करायचंय. दोनदा जिल्हा परिषदेवर निवडून आलेला माणूस, मुदत संपली तरी सवय कुठं जाते?

आठ वाजता मी चहा घेऊन गेले तर तसेच बसलेले. बारीक आवाजात म्हणाले, "कुनीच आलं न्हाई गं."

तेवढ्यात पोस्टमन आला. यांनी उठून त्याला नमस्कार केला आणि खुर्ची दाखवली.

१३ ऑक्टोबर, यॉर्क

आलो. आगगाडीनं अर्धा तास पण लागत नाही. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच शहराचा तट! दगडी, पांढुरका, वर माणसं चालतायत. आपल्याकडे तट म्हणजे पडका, त्यावर शेळ्या. इथं अख्खं शहर अजून तटात गुंडाळलेलं आहे.

खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन्ही बॅगा यांनी उचलल्या. सतरा वर्षांत यांच्या हातात बॅग पाहिली नव्हती. कुणीतरी पळत येऊन घ्यायचंच. दुसऱ्या मजल्यावर थांबले, धापा टाकत म्हणाले, "पप्पू पायजे होता." मी म्हटलं, "चटणीची बरणी माझ्याकडे द्या." दिली!

दुपारी शॅम्बल्स नावाची गल्ली पाहिली. पूर्वी खाटकांची होती. केजच्या बाजारातला बोळ बरा, इतकी अरुंद. लाकडी घरं, आणि प्रत्येक वरचा मजला खालच्यापेक्षा पुढं आलेला. वर बघितलं तर समोरासमोरची घरं एकमेकांना डोकं लावतायत. लोक तोंड वासून फोटो काढत होते. हे मात्र कमरेवर हात ठेवून तपासणीला आल्यासारखे उभे. "अतिक्रमन हाय हे. खाली रस्ता सोडलाय आन् वरून दाबलाय. भाऊबंदकी लई झाली आसन हितं."

वारा फार. पदर डोक्यावर टिकेना. दोन-तीनदा सावरला, मग सोडून दिला. कुणी बघितलं नाही. यांनीही नाही. तशीच संध्याकाळपर्यंत हिंडले. स्वेटर, साडी, खाली सुकन्याचे बूट. केसात वारं. काय छान वाटतं!

पप्पूचे फोन सात.

१४ ऑक्टोबर

सकाळी मिन्स्टर. म्हणजे इथलं मोठं चर्च. मोठं हा शब्द पुरत नाही. आत गेलो आणि यांची मान वर ती वरच. काचांवर चित्रं, त्यातून रंगीत ऊन खाली फरशीवर. अर्धा तास आम्ही दोघं एका बाकावर नुसते बसलो, आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा यांच्या शेजारी बसताना मधे कुणी नव्हतं.

मग कानाशी येऊन विचारलं, "बांधायला किती वर्षं लागली?"

"अडीचशे."

बराच वेळ हिशोब केला. "म्हंजी ज्यानं नारळ फोडला त्याला फीत कापायला मिळाली न्हाई."

मी इतक्या जोरात हसले की पुढच्या बाईनं वळून पाहिलं. तीही हसली.

इथपर्यंत दिवस सोन्यासारखा.

दुपारी चहाच्या दुकानात बसलो. फुलाफुलांच्या कपबशा, मऊ बिस्किटासारखा स्कोन, त्यावर साय आणि जाम. तेवढ्यात आबांचा फोन. हे बाहेर गेले. काचेतून दिसत होतं — थंडीत येरझाऱ्या, हातवारे, येणारे-जाणारे वाट सोडून चाललेत. दहा मिनिटांनी आत आले ते नुसते फुललेले.

"आरक्षनाची सोडत झाली. आपला गट महिलेला सुटला."

"मग तुमचं काय?"

"माझं काय म्हंजी? तुझं नाव द्यायचं ठरलं."

ठरलं! मी समोर बसून स्कोन खात होते आणि माझं ठरलं. म्हटलं, "कुणी ठरवलं?"

"आबानं. पप्पूनं बॅनरला फोटो बी मागितलाय तुझा. पदर घेतलेला पाठीव म्हनला."

चहा प्यायले. गार झाला होता.

मला माहीत आहे कसं असतं ते. शेजारच्या गावात चंद्रभागाबाई सरपंच आहेत. पाटीवर नाव त्यांचं, खुर्चीवर त्यांचा नवरा. लोक त्याला सरपंचच म्हणतात. मी एकदा गेलते, तर चंद्रभागाबाई ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत मीटिंगसाठी कांदे चिरत होत्या. मला म्हणाल्या, "बसा, सरपंच येतील आता." थट्टेनं नाही, सरळच म्हणाल्या.

खरं म्हणजे मला नको आहे असं नाही. हेच तर कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथं लिहिते. आमच्या ओसरीवर पुरुष येतात, मागच्या दारी बाया. रेशन कार्डातून नाव उडालेली, दवाखान्यात कुणी हात न लावलेली, नवऱ्यानं हाकललेली. ओसरीवरच्यांचं हे बघतात. मागच्या दारचं मी बघते. यांच्या नावानं फोन करते, "साहेबांनी सांगितलंय" म्हणते, आणि काम होतं. साहेबांना त्यातलं काहीच ठाऊक नसतं. किती वर्षं झाली. मला ते काम येतं. आवडतं.

पण "साहेबांनी सांगितलंय" म्हणायचा कंटाळा आलाय.

१५ ऑक्टोबर

काय दिवस होता! क्रमानं लिहिते.

सकाळी तटावर चढलो. वरून अख्ख्या शहराला चक्कर मारता येते. पण वाट चिंचोळी. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, खाली लोकांच्या बागा. दोघं शेजारी चालू शकत नाहीत. मी पुढं, हे मागं. लग्नातले फेरे सोडले तर मी कायम यांच्या मागं चाललेय. आज उलट. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच मला बोलता आलं असावं.

"उभी राहीन मी," म्हटलं.

मागून — "मग! आबाला कळवतो."

"पुढचं ऐका. निवडून आले तर खुर्चीवर मी बसणार. सह्या वाचून करणार. मीटिंगला मी जाणार, तुम्ही नाही."

मागून हसल्याचा आवाज. "बरं बरं. आन् मी काय करू?"

"चहा."

हसणं थांबलं. "कावून अशी बोलायलीस? मी काय वाईट केलं तुझं?"

"वाईट नाही केलं. विचारलं नाही."

"घरातल्या घरात काय विचारायचं?"

"घरातल्यालाच विचारायचं असतं अहो!"

समोरून एक म्हातारं जोडपं येत होतं. आमचा आवाज ऐकून कठड्याला चिकटून उभं राहिलं. "सॉरी," म्हणाले! भांडण आमचं, माफी त्यांची. मी हात जोडले. यांनीही मागून जोडले असणार.

मग मी जरा जास्त बोलले. बॅनरवर माझा फोटो केवढा असेल ते सांगितलं, आणि यांचा केवढा. हे म्हणाले, "मतं माझ्या नावावर पडत्यात." मी म्हटलं, "बायांची कुणाच्या नावावर पडतात ते एकदा मागच्या दारी येऊन बघा." आणि बरोब्बर त्याच वेळी पप्पूचा फोन. यांनी उचलला! भांडण अर्ध्यावर ठेवून उचलला!

पुढं तट तुटतो. पायऱ्या उतरून रस्ता ओलांडायचा, पलीकडं परत चढायचं. मी तरातरा उतरले. हिरवा दिवा लागला, लोकांबरोबर पलीकडं गेले, मागं वळून पाहिलं नाही. वळले तेव्हा हे नव्हतेच.

माझा फोन खोलीवर चार्जिंगला. खोलीची किल्ली यांच्याकडं. खिशात सुकन्यानं दिलेली थोडी नाणी. घाबरायला पाहिजे होतं. पाच मिनिटं घाबरलेही. मग मनात म्हटलं, शहराला तट आहे, मी जाऊन जाऊन जाणार कुठं!

आणि हिंडले. एकटी. ऊझ नदीच्या काठानं गेले, तिथल्या बदकांनी पाठलाग केला. एक बाई बाकावर बसून स्वेटर विणत होती, तिच्याशेजारी बसले. तिनं माझ्या साडीचा काठ हातात घेऊन पाहिला. मी तिची वीण पाहिली. तेवढंच बोलणं. गरम चेस्टनट घेतले — भाजलेल्या रताळ्यासारखे लागतात. कुणाची बायको नाही, कुणाची सून नाही, "साहेबांच्या घरून" नाही. असं मी शेवटचं कधी चालले होते? अंबाजोगाईला कॉलेजात असताना.

संध्याकाळी मिन्स्टरमध्ये गाण्यासारखी प्रार्थना असते, तिथं जाऊन बसले. शब्द कळत नव्हता. आवाज वर वर चढत त्या छताला लागत होता. तिथं मात्र वाटलं, हे आता शेजारी असते तर काहीतरी बोलले असते आणि मला हसू आलं असतं.

बाहेर आले तर पटांगणात एक पोलीस बाई आणि तिच्यासमोर नखशिखांत पांढऱ्या कपड्यातला माणूस. लांबूनच ओळखलं. त्यांनीही मला पाहिलं आणि ओरडले —

"राजनंदिनी!"

एवढ्या वर्षांत "ऐकलं का" आणि "मोहिनीची आई". माझं नाव यांच्या तोंडून मोठ्यानं पहिल्यांदा ऐकलं. ते पण चर्चच्या दारात.

पोलीस बाई हसत निघून गेली. नंतर बाकावर बसून धपाटे-चटणी खाताना सगळं कळलं. हे दुपारपासून पळत होते. तटावर परत गेले, दुकानात जाऊन आले, खोलीवर चारदा. शेवटी पोलीस बाई दिसली तर तिला सांगितलं, "आय लॉस्ट माय वाइफ." तिला वाटलं बायको वारली! तिनं खांद्यावर हात ठेवून सांत्वन केलं. तेव्हा हे आणखीच घाबरले, की हिला काहीतरी कळलंय! (मोहिनीचं ऐकायला पाहिजे होतं.)

मग गैरसमज मिटला आणि तिनं विचारायला सुरुवात केली. उंची? माहीत नाही. साडीचा रंग? "हिरवा... का निळा." निळाच होता. जन्मतारीख?

"न्हाई आली सांगता," हे म्हणाले. धपाट्याचा तुकडा हातातच राहिला होता. "मतदार यादीतला तुझा नंबर सांगता आला असता. भाग, पान, सगळं पाठ हाय. जन्मतारीख न्हाई."

मला हसावं का रडावं कळेना.

"नांदूरघाटात आसतो तर एक फोन लावला की ठानेदार गाडी घिऊन आला आसता. हितं कुनाला लावू? पप्पूला लावला. पप्पू म्हनला, दादा, मी काय करू, निघू का?"

आता मात्र दोघंही हसलो. डोळ्यातून पाणी येईपर्यंत. हसता हसता यांचं पाणी थांबेना. मी पदरानं पुसलं. इतकी माणसं येत-जात होती. काही वाटलं नाही.

"कधी आसतो गं तुझा वाढदिवस?"

"नऊ नोव्हेंबर."

फोनमध्ये नाही लिहिलं. तोंडानं दोन-तीनदा म्हणून पाठ केलं.

१६ ऑक्टोबर

सकाळी जाग आली तर किटलीचा आवाज. यांनी चहा केला! साखरेच्या सगळ्या पुड्या त्यात. पाक झाला होता. प्यायले.

"खुर्ची तुझी," म्हणाले. "आबाशी मी बोलतो."

"नक्की?"

"तू म्हन्लीस ते रातभर डोक्यात होतं. विचारलं न्हाई मी. आता विचारतो. उभी राहतीस का?"

"राहते."

एवढंच. मग रेल्वेची जुनी इंजिनं बघायला गेलो. लहान पोरासारखे प्रत्येक इंजिनावर चढले.

२२ ऑक्टोबर, नांदूरघाट

घरी. ओसरी भरलेली. हार, पेढे, "दादा, लंडन कसं हाय?" यांनी यॉर्क म्हणून दोनदा सांगितलं, मग लंडनच म्हणू लागले. बॅगा पप्पूनं उचलल्या.

बॅनर तयार आहे. आबा, मग हे, खाली कोपऱ्यात मी, पदर घेतलेली. लग्नाच्या अल्बममधून काढलाय फोटो.

यांनी पाहिला. तसाच पप्पूकडं परत दिला.

९ नोव्हेंबर

सकाळी उशीजवळ गजरा. कुणी ठेवला विचारलं नाही. मंगल नुसती हसत होती.

आबांशी मात्र अजून बोलले नाहीत. "दिवाळीत कावून काढायचा विषय," म्हणाले होते. दिवाळी होऊन गेली.

११ जानेवारी

निवडणूक लागली. आज ओसरीवर बैठक होती. मी चहा पाठवला नाही, स्वतः गेले. खुर्ची ओढली आणि बसले. माणसं चुळबुळली. आबा म्हणाले, "काय पायजे सूनबाई?"

"आबा, उमेदवार मी आहे. तर बोलणं माझ्यासमोर व्हावं. आणि निवडून आले तर काम मी करीन. नावापुरती नाही."

मी यांच्याकडं पाहिलं. आता बोलतील. आता.

हे फरशीकडं बघत होते.

आबा रागावले नाहीत. हसले. हे जास्त वाईट. "मग राहू दे. मंगलला उभं करू. गरीब हाय बिचारी, बोलत न्हाई."

झालं. ठरलं.

१३ जानेवारी

मंगल स्वयंपाकघरात येऊन रडली. "मला बोलता येत न्हाई म्हनून उभं केलं हो ताई." तिला जवळ घेतलं. तिचा काय दोष?

यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. हेही नाहीत. कुठं जातात, येतात, माहीत नाही. यॉर्कमधला माणूस तिथंच तटावर राहिला वाटतं. जाऊ दे. मागच्या दारी आज चार बाया आल्या होत्या, त्यांचं बघितलं. कुणाचंही नाव न घेता फोन केले. दोन कामं झाली!

१६ जानेवारी, केज

सकाळी आबांनी तहसीलला मंगलचा अर्ज भरला. हलगी, गुलाल, पन्नास गाड्या.

दुपारी मीही भरला. अपक्ष. अर्जाला सूचक लागतो, नाव सुचवणारा — सही यांनी केली. पूर्ण नाव लिहून. बापाच्या नावासकट.